खुनाच्या कथांमधलं बार्सिलोना

स्पेनचा अलीकडचा इतिहास समजून घ्यायचा आहे असं कुणी विद्यार्थी म्हणाला, की मी त्याच्या हाती आधी एक रहस्यकथा देते. मानुएल वास्केस मोन्ताल्बान यांची 'लोस मारेस देल सुर', म्हणजे 'दक्षिणेचे समुद्र'. साल १९७९, शहर बार्सिलोना.

वीस वर्षं आधी ही कादंबरी छापलीच गेली नसती. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत पुस्तक आधी सेन्सॉरकडे जायचं. बार्सिलोनाच्याच फ्रान्सिस्को गोन्सालेस लेदेस्मा यांच्या कादंबरीला १९४८ मध्ये पारितोषिक मिळालं, परीक्षकांत इंग्रज लेखक सॉमरसेट मॉम होते. तरी सेन्सॉरने ती अडवली. मग पोटापाण्यासाठी त्यांनी 'सिल्व्हर केन' या नावाने शेकडो काउबॉयकथा लिहिल्या. अमेरिकेच्या माळरानावर कितीही मुडदे पडले तरी कुणाची हरकत नव्हती. आपल्या गल्लीतला गुन्हा लिहायला मात्र त्यांना फ्रँकोच्या मरणापर्यंत थांबावं लागलं.

फ्रँको १९७५च्या नोव्हेंबरात गेला, आणि चार वर्षांनी 'लोस मारेस देल सुर' आली. तिचे लेखक मोन्ताल्बान हे रावाल या गरीब वस्तीत १९३९ साली, यादवी युद्धात हरलेल्यांच्या घरात जन्मलेले. वडिलांनी तुरुंग भोगला, १९६२ मध्ये त्यांनी स्वतःही. त्यांचा गुप्तहेर पेपे कार्वाल्यो एके काळचा कम्युनिस्ट. ऑफिस रांब्ला या रस्त्यावर, बाजारहाट बोकेरियाच्या मंडईत. उत्तम स्वयंपाक करणारा आणि चूल पेटवायला पुस्तकं जाळणारा.

कादंबरीत स्तुअर्त पेद्रेल हा बडा बिल्डर भोसकलेल्या अवस्थेत सापडतो. वर्षभर तो बेपत्ता होता. घरच्यांना वाटत होतं, चित्रकार गोगँसारखा दक्षिण समुद्रातल्या बेटांवर गेला असेल. प्रत्यक्षात तो सान माहीन या उपनगरात नाव बदलून राहत होता. तिथल्या इमारती त्यानेच बांधून कामगारांना विकलेल्या. सान माहीन काल्पनिक आहे, पण तशा वसाहती खऱ्या होत्या. पोर्सिओलेस १९५७ ते १९७३ महापौर असताना शहराभोवती असे ठोकळे भराभर उठले आणि आंदालुसिया, मुर्सियाहून पोटासाठी आलेली कुटुंबं त्यांत कोंबली गेली. पेद्रेलचा खुनी शोधता शोधता कार्वाल्यो आपल्याला या वसाहतीतून हिंडवतो आणि हे शहर कुणाच्या पैशाने, कुणाच्या जिवावर उभं राहिलं ते दाखवतो.

कोर्टात मात्र असा शोध होणार नव्हता. १९७७च्या माफीच्या कायद्याने राजकीय कैदी सुटले, आणि जुन्या राजवटीच्या अधिकाऱ्यांवरचे खटलेही कायमचे टळले. देशाला लोकशाहीकडे शांतपणे जायचं होतं, त्याची ही किंमत होती. त्या काळात 'हे कुणी केलं?' असं उघड विचारण्याची सोय रहस्यकथेत उरली होती. कादंबरी शिक्षा देऊ शकत नाही, पण साक्ष नोंदवू शकते. मोन्ताल्बान २००३ मध्ये गेले. बार्सिलोना आज रहस्यकथाकारांना कार्वाल्योच्या नावाचा पुरस्कार देतं, आणि रावालमधल्या एका चौकाला मोन्ताल्बान यांचं नाव आहे. या शहराच्या इतिहासकारांमध्ये मी त्यांना बिनदिक्कत बसवते.