वारुळातली शेती

दाभोळ म्हटले की वाशिष्ठीच्या मुखावरचे जुने बंदर आठवते. बहामनी काळात इथे अरबी घोडे उतरत. रशियन प्रवासी निकितिन पंधराव्या शतकात इथूनच परतीच्या जहाजावर चढला. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीज आल्मेदाने हे शहर जाळले. मी आज जी हकिगत सांगणार आहे ती मात्र या साऱ्याहून फार जुनी आहे. ती बंदरामागच्या जांभ्या जमिनीत, वारुळात घडते.

पहिल्या पावसात वारुळातून पंखवाली वाळवी थव्याने उडते. पुढे काही आठवड्यांनी वारुळावर अळंबी उगवते. आपण ती आवडीने खातो, पण ती आपोआप उगवत नाही. तिची लागवड वाळवीने केलेली असते.

वाळवी लाकूड, पाचोळा खाते. पण त्यातला चिवट भाग तिला एकटीला पचत नाही. कामकरी वाळव्या अर्धवट पचलेली विष्ठा जमिनीखालच्या कोठडीत स्पंजासारखी रचतात. त्यावर बुरशीचे सूक्ष्म तंतू पसरतात आणि खसखशीएवढ्या पांढऱ्या गाठी धरतात. तरुण कामकरी या गाठी खातात. त्यांतले बीजकण पोटातून जिवंत बाहेर पडतात आणि नव्या थरात रुजतात. बुरशीने मऊ केलेला जुना थर वयस्क कामकरी खातात. जेवणातूनच पेरणी होते, ती अशी!

माणसाला हे उमगायला वेळ लागला. लिनियसचा शिष्य योहान क्योनिग दक्षिण भारतात तरंगमबाडीला राहिला. त्याने १७७९मध्ये वाळवीवर निबंध छापला आणि वारुळातल्या बुरशीची नोंद केली. पण ही बुरशी वाळवीचे अन्न आहे की निव्वळ निवारा, यावर विसाव्या शतकातही वाद चालू होता. १९४२मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे आईम याने या अळंबीच्या प्रजातीला ‘टर्मिटोमायसिस’, म्हणजे वाळवीची बुरशी, असे नाव दिले. पुढे जनुकांच्या अभ्यासातून कळले, की ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली. आपली शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची!

यात एक नाजूक दुवा आहे. नवे घर मांडणारी राजा-राणीची जोडी बहुधा बियाणे बरोबर नेत नाही. तिची पहिली कामकरी पिले बाहेर पडतात, तेव्हा त्यांना बीजकण रानातच शोधावे लागतात. म्हणजे जवळपास कुठेतरी अळंबीची छत्री उघडलेली हवी. आपण मात्र कोवळ्या कळ्याच खणून काढतो. बागेसाठी उतार सपाट करताना वारूळही जाते. वाळवीवाचून या अळंबीची व्यापारी लागवड अजून कुणाला साधलेली नाही.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. अळंबी जरूर खा. पण वारुळाला पहार लावू नका आणि चार छत्र्या तिथेच उमलू द्या. शेतकरी बियाणे राखून मगच धान्य दळतो. वारुळातल्या शेतकऱ्यालाही त्याचे बियाणे हवे.