औषधविक्रेत्याचा विनामूल्य सल्ला : एक संज्ञाविचार

कोल्हापूरच्या औषधदुकानांतून मालाच्या देवघेवीबरोबर आणखी एक व्यवहार चाललेला असतो. गोळी अनशापोटी घ्यावयाची की जेवणानंतर, एखादी मात्रा चुकल्यास काय करावे, हे गिऱ्हाईक विचारते व दुकानदार सांगतो. चिठ्ठी बहुधा इंग्रजीत असते. गिऱ्हाईक मराठी, आणि निपाणी-चिकोडीकडून आलेले असल्यास कित्येकदा कानडी बोलणारे असते. या सांगण्याची आकारणी बिलात कोठेही होत नाही. असे का व्हावे, याचे एक उत्तर संज्ञांच्या इतिहासात सापडते.

जुन्या वैद्यकीय परिभाषेत या सांगण्याच्या विषयांना स्वतंत्र नावे होती. औषध ज्याबरोबर घ्यावयाचे ते 'अनुपान'. आहारविहारात जे हितकर ते 'पथ्य'. औषध देणे आणि ते कसे घ्यावे हे सांगणे, ही दोन्ही वैद्याचीच कामे होती. आधुनिक व्यवस्थेत त्यांची फारकत झाली. १९४८ च्या औषधशास्त्र व्यवसायविषयक कायद्याच्या ४२ व्या कलमाने नोंदणीकृत व्यावसायिकाकडे राखून ठेवलेल्या क्रिया चार आहेत : संयोग करणे, तयार करणे, मिसळणे व देणे. 'सांगणे' त्यांत नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि येथील व्यवसायही कालांतराने याच कायद्याच्या कक्षेत आला. मराठीत रूढ झालेल्या 'मिश्रक', 'औषधनिर्माता', 'औषधविक्रेता' या संज्ञाही मिसळणे, घडविणे व विकणे एवढ्याच क्रिया दर्शवितात.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. लंडनमधील रोझ नामक औषधविक्याच्या खटल्यात १७०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने निवाडा दिला. त्यानंतर तेथील औषधविक्यांना रोग्यास सल्ला देण्याची मोकळीक मिळाली. मूल्य मात्र औषधाचेच घेता येई. सल्ला मालात मुरून गेला.

२०१५ च्या व्यवसायविषयक विनियमांनी आपल्या देशात ही उणीव अंशतः भरून काढली. औषधाची मात्रा, कालावधी, दुष्परिणाम, साठवण, चुकलेली मात्रा यांविषयी रोग्याशी स्वतः बोलणे हे व्यावसायिकाचे कर्तव्य ठरले. 'समुपदेशन' हे नाव त्या कर्तव्यास मिळाले. परंतु मूल्य मिळाले नाही. २०१३ च्या औषधकिंमत नियंत्रण आदेशात अनुसूचित औषधांच्या कमाल किमती ठरविताना किरकोळ विक्रेत्यासाठी सोळा टक्के नफा धरला आहे. हा नफा विकलेल्या मालावर मिळतो. बोललेल्या शब्दांचा त्याच्याशी संबंध नाही.

यातील विसंगती गंभीर आहे. 'हे औषध तुम्हास नको; आधी डॉक्टरांना दाखवा,' असे सांगणारा विक्रेता रोग्याचे सर्वाधिक हित साधतो, आणि नेमका त्याच क्षणी आपले उत्पन्न गमावतो. त्याच्या सौजन्यावर आजवर पुष्कळ भागले. तथापि जे काम कर्तव्य म्हणून नोंदले गेले, ते हिशेबातही नोंदले जाणे उचित होय. अन्यथा प्रथम अबोल होईल तो दुकानदार, आणि त्याची झळ पोहोचेल ती चिठ्ठीवरील इंग्रजी न वाचता येणाऱ्या रोग्यास.