एकरी पंधरा डॉलरचं कूळ

सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने शेतीसाठी करोना मदतीची दुसरी फेरी जाहीर केली. त्यात भाताला दर मिळाला एकरी १५ डॉलर. आर्कान्सॉ राज्यातली पॉइनसेट काउंटी भाताचीच. तिथल्या शेतकऱ्याने काउंटीच्या शेती कार्यालयात अर्ज द्यायचा, पीकपेऱ्यात जेवढे एकर नोंदले असतील त्यांना पंधराने गुणायचं, की झाला हिशेब. घरात कोण आजारी पडलं, गड्यांचं काय झालं, हे त्या हिशेबात येत नव्हतं.

हा पंधराचा आकडा करोनाच्या आधीचा आहे. चीनशी व्यापारयुद्ध पेटलं, सोयाबीनचे भाव पडले. २०१९ च्या भरपाईत काउंटीगणिक एकरी दर बांधला गेला, तो किमान १५ आणि कमाल १५० डॉलर. दोन्ही वेळी कृषिमंत्री होते सनी पर्ड्यू, आणि पैसाही मुख्यतः एकाच तिजोरीतून आला. ती तिजोरी म्हणजे ‘कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन’, ३० अब्ज डॉलरपर्यंत कर्ज उचलण्याची मुभा असलेलं सरकारी महामंडळ. ‘पीएल ४८०’ या अमेरिकी धान्यमदत कायद्याखाली साठच्या दशकात भारतात आलेल्या धान्याचा व्यवहार याच महामंडळामार्फत चाले. महाराष्ट्रात रेशनवर मिळालेला तांबडा मिलो जुन्या मंडळींना आठवत असेल. त्याचंही मूळ तिथेच.

महामंडळाचा जन्म १७ ऑक्टोबर १९३३ चा. महामंदीत शेतमाल मातीमोल झाला होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात रूझवेल्ट सरकारने कायदा केला: पेरा कमी करा, सरकार पैसे देईल. कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्या कारकिर्दीत उभा कापूस नांगरून टाकला गेला, लाखो डुकरांची पिल्लं मारली गेली. करार कोणाशी करायचा? ज्याच्या नावावर जमीन, त्याच्याशी. पुढच्या वर्षीच्या कापूस करारात पौंडामागे साडेचार सेंट होते. त्यातले चार मालकाचे, अर्धा सेंट अर्धेलीने कसणाऱ्या वाटेकऱ्याचा. शिवाय पेराच घटल्यावर वाटेकरी हवेत कशाला? मालकांनी कुटुंबंच्या कुटुंबं हुसकून लावली.

जुलै १९३४ मध्ये याच पॉइनसेट काउंटीतल्या टायरोन्झा गावाजवळ गोऱ्या आणि काळ्या वाटेकऱ्यांनी एकत्र येऊन ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ स्थापन केली. वॉशिंग्टनमध्ये हे करार राबवणाऱ्या कृषी प्रशासनाचे कायदा सल्लागार जेरोम फ्रँक यांनी करारात वाटेकऱ्याला संरक्षण आहे असा अर्थ लावला. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांना सहकाऱ्यांसह घरी पाठवण्यात आलं. १९३६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मूळ कायदाच रद्द केला, पण पैसे देणं थांबलं नाही. आता ते जमिनीची धूप रोखण्याच्या नावाने मिळू लागले. या योजनांचा गावोगावचा कारभार पाहणाऱ्या काउंटी समित्याही टिकल्या. त्यांत वर्षानुवर्षं गोऱ्या जमीनदारांचंच चालत असे. कर्ज आणि मदतीत आपल्याला डावललं गेलं, हा काळ्या शेतकऱ्यांचा दावा १९९९ मध्ये तडजोडीने मिटला.

२०२० मध्ये वाटेकऱ्याच्या जागी दिसतो कोंबड्या वाढवणारा कंत्राटी शेतकरी. शेड त्याची, त्यावरचं कर्ज त्याचं, पक्षी मात्र कंपनीचे. करोनात कंपन्यांनी पिल्लं कमी दिली, तरी पक्षी मालकीचे नाहीत म्हणून तो मदतीच्या दोन्ही फेऱ्यांतून वगळला गेला. डिसेंबरात अमेरिकन काँग्रेसला त्याच्यासाठी कायद्यात वेगळी, एक अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद करावी लागली.

शेतमजूर तर या हिशेबात कधी नव्हताच. २०२१ मध्ये शेतमजूर आणि मांस कारखान्यांतल्या कामगारांसाठी माणशी ६०० डॉलरची वेगळी योजना जाहीर झाली. ते पैसे वाटण्याचं काम राज्यांचे विभाग, आदिवासी जमातींच्या संस्था आणि स्वयंसेवी संस्थांकडे दिलं गेलं. काउंटीच्या शेती कार्यालयाकडे एकरांची नोंद होती; राबणाऱ्या माणसांची यादी त्याने ठेवलेलीच नव्हती.