झोपेतील श्वासावरोध आणि बागकाम : उपयोग किती, मर्यादा कोणत्या

माळव्यातील रात्रींच्या गारव्याचे कौतुक ‘शब-ए-मालवा’ या शब्दांत पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. तथापि उज्जैनमधील नानाखेड्याचे घर असो वा गोव्यातील एखाद्या वाड्यावरचे, ज्याचा श्वास झोपेतच अडतो त्याला हा गारवा विश्रांती देऊ शकत नाही. अशा व्यक्तींना बागकामाचा कितपत उपयोग होतो, हे समजून घेण्यासाठी आधी या विकाराचे स्वरूप पाहावे लागते.

विकाराचे स्वरूप

स्लीप ॲप्नियाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात झोपेत घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वसनमार्ग अरुंद होतो किंवा मिटतो. श्वास किमान १० सेकंद थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू शरीराला क्षणभर जागे करतो. तासाभरात असे प्रसंग ५ ते १४ वेळा घडल्यास विकार सौम्य, १५ ते २९ वेळा घडल्यास मध्यम आणि ३० वा त्याहून अधिक वेळा घडल्यास तीव्र मानला जातो. मोठ्याने घोरणे, गुदमरून दचकणे, सकाळी डोके जड होणे आणि दिवसा डुलक्या येणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात ३० ते ६९ वयोगटातील सुमारे ९३ कोटी ६० लाख लोकांना हा विकार आहे.

बागकामाचा हातभार

बागकाम हा या विकारावरील उपचार नव्हे. तो उपचाराला दिलेला हातभार आहे. वजनवाढ हे विकाराचे एक महत्त्वाचे कारण आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजनातील १० टक्के घटीबरोबर श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. खणणे, खुरपणी करणे, आळी करणे, पालापाचोळा गोळा करणे ही मध्यम श्रमाची कामे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेल्या आठवड्याच्या किमान १५० मिनिटांच्या व्यायामात त्यांची गणना होऊ शकते. नुसते झारीने पाणी घालणे मात्र हलके काम ठरते.

दिवसभर बसून राहिल्यास पायांत द्रव साचतो. रात्री आडवे झाल्यावर त्यातील काही भाग मानेकडे सरकून श्वसनमार्गावर दाब आणतो. वाफ्यांमधील चालण्या-फिरण्याने पोटऱ्यांचे स्नायू हलते राहतात व हे साचणे कमी होते. शिवाय सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ नियमित होते आणि रात्री वेळेवर झोप येण्यास मदत होते.

जपायच्या गोष्टी

नानाखेड्यासारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तेथे ही कामे सूर्योदयानंतर लगेच उरकणे श्रेयस्कर. गोव्याच्या पावसाळ्यात दमटपणामुळे कुजलेल्या पाल्यावर बुरशी वाढते. धूळ, परागकण व बुरशीच्या कणांनी नाक चोंदल्यास रात्रीचा श्वासोच्छ्वास अधिकच बिघडतो. म्हणून कंपोस्ट खत हलवताना आणि गाजरगवत उपटताना मास्क व हातमोजे वापरावेत, काम संपताच हातपाय धुऊन कपडे बदलावेत.

दिवसा डुलक्या येणाऱ्याने शिडीवर वा झाडावर चढू नये, तसेच गवत कापण्याचे यंत्र चालवू नये. या विकाराबरोबर उच्च रक्तदाबही अनेकांना असतो. त्यांनी श्वास रोखून जड कुंड्या उचलू नयेत.

शयनगृहात कुंड्या ठेवल्याने हवा शुद्ध होऊन झोप सुधारते, हा समज मात्र फारसा टिकणारा नाही. या समजाला बळ देणारा ‘नासा’चा १९८९ चा प्रयोग बंदिस्त कक्षांतील होता; खेळती हवा असलेल्या घराला त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे लागू पडत नाहीत. रातराणीसारखा उग्र सुगंध काहींच्या नाकाला त्रासदायकही ठरतो.

उपचार थांबवू नयेत

मध्यम व तीव्र विकारावर सीपॅप यंत्र हा प्रमुख उपचार आहे. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत नाकावरील मुखवट्यातून दाबयुक्त हवा सोडून श्वसनमार्ग उघडा ठेवला जातो. बागेतील श्रमांनी दिवसभर उत्साह वाटू लागला, गाढ झोप लागल्यासारखी वाटली, तरी श्वास अडणे थांबले असे समजता येत नाही. वजन घटल्यावरही यंत्र बंद करायचे की त्याचा दाब बदलायचा, हे पुन्हा निद्रा चाचणी करून डॉक्टरांनीच ठरवायचे असते. उपचाराविना राहिलेल्या विकाराने हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो, वाहन चालवताना डोळा लागून अपघातही घडतात.

रुग्णाला स्वतःचा अडलेला श्वास बहुधा कळत नाही. तो शेजारी झोपणाऱ्याला कळतो. त्यामुळे पती-पत्नींपैकी एकाने दुसऱ्याचे घोरणे मध्येच थांबून श्वास तुटत असल्याचे सांगितल्यास ती तक्रार थट्टेवारी न नेता कान-नाक-घसा किंवा श्वसनविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.