परवाना आणि पेला

केवळ सहलीसाठीं आगबोटीनें समुद्रावर जाण्याची चाल आतां सुखवस्तु कुटुंबांत रूढ झाली आहे. अशा सहलीस निघण्यापूर्वीं घरांत दोनच गोष्टींचा खल होतो. ज्या ज्या देशाच्या बंदराला बोट लागणार त्या त्या देशाचा व्हिसा हातीं पडला कीं नाहीं, ही पहिली. आणि बोटीवरील पेयांचा खर्च भाड्यांत धरलेला आहे कीं तो निराळा द्यावा लागणार, ही दुसरी. हे प्रश्न नव्या काळानें निर्माण केले असें समजण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्राच्या इतिहासांत ते फार जुने आहेत. मात्र परवाना देणारा अधिकारी आणि पेल्याची किंमत मोजण्याचें माप हीं वेळोवेळीं पालटत गेलीं.

या इतिहासाचा धागा नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाच्या सुरगाण्यापासून धरतां येतो. सुरगाण्याचा मुलूख सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेला आहे. तेथलें पावसाचें पाणी नार, पार इत्यादि नद्यांच्या वाटेनें गुजराथेंतून थेट अरबी समुद्रास मिळतें. तेंच दिंडोरीच्या बाजूस उतरलें कीं गोदावरीचें होतें. समुद्रावर गेल्यानें मनुष्य पतित होतो आणि गोदावरींत स्नान केल्यानें पुनः शुद्ध होतो, असें ज्या काळीं मानीत, त्या काळच्या या दोन्ही पाण्यांची सीमा याच डोंगरधारांवरून गेली आहे.

बौधायनानें समुद्रगमनाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केली. पण उत्तरेकडील लोकांचे आचार सांगतांना समुद्रावर जाणें हेंही त्यानेंच नोंदलें आहे. म्हणजे लोक जात होते आणि शास्त्र नाक मुरडीत होतें! पुढें कलिवर्ज्यांची यादी झाली, तींत तर समुद्रयात्रा केलेल्या द्विजानें प्रायश्चित्त घेतलें तरी त्याच्याशीं व्यवहार ठेवूं नये, इथवर मजल गेली. कोळी, खारवी, भंडारी यांना हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. राजसत्तेला या विधिनिषेधाशीं कर्तव्य नसे. तिचा डोळा गलबतावर असे. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ किंवा कान्होजी आंग्र्यांचें ‘दस्तक’ जवळ नसेल तर गलबत धरलें जाई. परंतु गलबतांतला माणूस कोण, हें पाहण्याचें काम ज्ञातीकडेच राहिलें.

तें काम ज्ञाति किती कसोशीनें करी हें रघुनाथरावाच्या वकिलावरून दिसतें. नाशिकाजवळच्या आनंदवल्लीचें नांव ज्याच्या कुटुंबाशीं निगडित आहे, त्या या रघुनाथरावानें इंग्रजांचें साह्य मिळविण्यासाठीं हनुमंतराव नांवाचा ब्राह्मण आणि मणियार रतनजी हा पारशी, असे वकील विलायतेस धाडले. १७८१ सालीं ते तेथें होते. परक्याच्या हातचें अन्नपाणी न घेणाऱ्या त्या ब्राह्मणाची कुचंबणा पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांनीं पाहिली, वकिलांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरीं नेलें आणि बागेंतील काचघर स्वयंपाकासाठीं मोकळें करून दिलें. इतकें सोंवळें सांभाळूनही स्वदेशीं परतल्यावर सोन्याची योनि करवून तींतून बाहेर पडण्याचा विधि करावा लागला, तेव्हां कोठें पुनर्जन्म झाला असें मानलें गेलें. विलायतेंतील एका घोटभर पाण्याची शंका केवढ्याला पडली, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

शंभर वर्षांनंतरही स्थिति फारशी पालटली नव्हती. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां पासपोर्टाची अडचण नव्हती. अडचण होती ती लोकमताची. म्हणून त्यांनीं श्रीरामपूरच्या कॉलेजांत जाहीर व्याख्यान देऊन आपण कां जातों हें समजावून सांगितलें आणि आपण हिंदूच म्हणून जाऊं व हिंदूच म्हणून परत येऊं, अशी ग्वाही दिली. आजच्या व्हिसाच्या अर्जांत प्रवासाचा हेतु लिहावा लागतो. अठराव्या वर्षांतल्या या मुलीनें तो भरसभेंत सांगितला.

परंतु परवाना आणि पेला हे दोन्ही प्रश्न एकत्र पाहावयाचे असतील तर मोहनदास गांधींचा १८८८ चा प्रवास पाहावा. ते मुंबईस आले तेव्हां मोढ वाण्यांची ज्ञातिसभा भरली. विलायतेंत मांस-मद्यावांचून निभाव लागत नाहीं, असें शेटजींचें म्हणणें. गांधींनीं आईपाशीं मद्य, मांस व परस्त्री वर्ज्य करण्याची शपथ घेतली होती. ती त्यांनीं सांगितली, पण सभेचें समाधान झालें नाहीं. त्यांना ज्ञातिबाह्य ठरविण्यांत आलें, आणि जो कोणी त्यांना साह्य करील किंवा धक्क्यावर पोंचवावयास जाईल त्याला सवा रुपया दंड, असा ठराव झाला. ज्या मेहुण्यापाशीं भाड्याची रक्कम ठेविली होती, त्यानें त्या भयानें ती देण्याचें नाकारलें. दुसऱ्याकडून उसने घेऊन ४ सप्टेंबर रोजीं गांधी ‘क्लाइड’ बोटीवर चढले.

पी. अँड ओ. कंपनीच्या आरंभींच्या काळांत वरच्या वर्गाच्या भाड्यांतच मद्याचा खर्च धरीत. पुढें तो निराळा झाला. गांधींपुढें प्रश्न पैशाचा नव्हताच. सहप्रवासी सांगत कीं तांबडा समुद्र ओलांडला म्हणजे, निदान बिस्केच्या उपसागरांत तरी, मांस व मद्य घ्यावेंच लागेल. घरून नेलेल्या मिठाईवर व फळांवर त्यांनीं दिवस काढले आणि आपण मांस खाल्लें नाहीं अशीं प्रमाणपत्रेंही मिळविलीं. पुढें त्यांना कळलें कीं मांस खाणाऱ्यालाही तसलीं प्रमाणपत्रें मिळतात, तेव्हां त्यांचा मोह सुटला! लंडनांत बॅरिस्टरीच्या भोजनांत चौघांच्या टोळक्यास मद्याच्या दोन बाटल्या मिळत. न पिणारे गांधी आपल्या टोळक्यांत असावेत म्हणून विद्यार्थ्यांत ओढाताण होई, कारण दोन बाटल्या तिघांतच संपत. आज कित्येक सहलीच्या कंपन्यांचा नियम नेमका उलट आहे: खोलींतील एकानें पेयांचा ठोक करार घेतला कीं त्या खोलींतील दुसऱ्या प्रौढ माणसालाही तो घ्यावा लागतो, मग तो लिंबाचें सरबत पिवो कीं कांहींच न पिवो. तिकीट काढण्यापूर्वीं ही अट वाचून घ्यावी हें बरें.

१८९१ मध्यें गांधी परतले. वडील बंधूंनीं त्यांना आधीं नाशिकास नेलें, गोदावरींत स्नान घातलें आणि मग राजकोटास जाऊन ज्ञातिभोजन दिलें. गांधींना स्वतःला हें रुचलें नव्हतें. भावाच्या समाधानासाठीं त्यांनीं तें केलें. स्वदेशांत प्रवेश करण्याचा त्या काळचा शिक्का जणूं रामकुंडावर मिळत होता.

पहिल्या महायुद्धानें हा अधिकार ज्ञातीकडून सरकारकडे नेला. १९१८ च्या वसंतांत लोकमान्य टिळक, न. चिं. केळकर, दादासाहेब खापर्डे, दादासाहेब करंदीकर आणि बिपिनचंद्र पाल ही मंडळी होमरूलची बाजू मांडण्यासाठीं विलायतेस निघाली. पासपोर्ट हातांत होते. कोलंबोपर्यंत ती पोंचली आणि तेथें ब्रिटिश सरकारनें पासपोर्ट रद्द केल्याचें कळलें! समुद्र समोर असतां मागें फिरावें लागलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत चिरोलवरील फिर्यादीसाठीं टिळकांना जाऊं दिलें, तें राजकीय चळवळ करणार नाहीं या अटीवर. ती अट पुढें विलायतेंत उठविली गेली. शेटजींच्या सवा रुपयाच्या दंडाला वळसा घालतां आला होता; सरकारी शिक्क्याला तो घालतां येईना. १९२० मध्यें पासपोर्टाचा कायदाच झाला आणि युद्धकाळची अडवणूक नित्याची झाली.

त्या वेळीं सुरगाणा हें देशमुखांचें लहानसें संस्थान होतें. तेथील प्रजाजन ब्रिटिश प्रजा नव्हेत. त्यांपैकीं कोणी पासपोर्ट काढला असता तर त्यावर ‘ब्रिटिशांच्या संरक्षणाखालील व्यक्ति’ असें लिहून आलें असतें. १९४८ सालीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन होऊन नाशिक जिल्ह्यास जोडलें गेलें आणि तें बिरुद गळून पडलें. आज सुरगाण्याचा मनुष्य बोटीवर चढेल तो भारतीय नागरिक म्हणून. व्हिसाची रांग मात्र त्यालाही मुंबईकराइतकीच लांब आहे.