चाळीस देशांचे एकच दफ्तर

१९ मार्च २०१९ रोजी सकाळी ऑस्लो शहरात नॉर्स्क हायड्रो या कंपनीच्या मुख्य कचेरीत कामाला आलेल्या लोकांना दारावर एक छापील कागद चिकटवलेला दिसला. कंपनीवर सायबर हल्ला झाला आहे, कुठलेही यंत्र कंपनीच्या नेटवर्कला जोडू नका, जोडलेले असेल तर काढून घ्या आणि पुढच्या सूचनेची वाट पाहा, असा त्याचा मतलब होता. ॲल्युमिनियम बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी ही एक. ३५ हजार माणसे, ४० देशांत कारभार. आणि स्वतःच्याच माणसांना निरोप द्यायला त्या सकाळी हाताशी उरले होते कागद आणि चिकटपट्टी. कंपनीची वेबसाइटही बंद पडली होती, त्यामुळे बाहेरच्या जगाला खबर देण्यासाठी तिने फेसबुकचा आधार घेतला.

मी भाषा शिकवतो. कारखाने आणि कॉम्प्युटर हा काही माझा प्रांत नव्हे. पण आमच्या शाळेतून बाहेर पडलेली काही मुले आता पुण्यात आयटी कंपन्यांत आहेत. ईदला भेटायला येतात. काय काम करतोस असे विचारले की सांगतात, "सर, परदेशातल्या एका मोठ्या कंपनीचे जुने सर्व्हर क्लाउडवर नेतोय. सगळ्या देशांतल्या कारखान्यांसाठी एकच प्लॅटफॉर्म." त्यांच्या आईवडिलांना यातले काही कळत नाही. खरे सांगायचे तर मलाही कळत नव्हते. म्हणून हा इतिहास वाचत गेलो. वाचल्यावर असे वाटले की हा इतिहास यंत्रांचा कमी आणि हिशेबाच्या वह्यांचा जास्त आहे. वह्यांबद्दल भाषेच्या शिक्षकाने बोलायला हरकत नसावी.

दफ्तर हा शब्दच घ्या. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत दफ्तर म्हणजे सरकारी कागदपत्रांचा साठा, आणि पोराच्या पाठीवरचे ओझेही दफ्तरच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कातडे. तिथून तो अरबीत आला आणि लिहायच्या वहीला लागू झाला. म्हणजे जिच्यावर लिहायचे ती वस्तू, लिहिलेली वही, ती ठेवायची जागा आणि तिथे बसून चालणारा कारभार, या साऱ्यांना एकच शब्द पुरला. जमा, खर्च, बाकी, शिल्लक, हिशेब, कारखाना हे शब्दही याच वाटेने मराठीत आले. आज 'प्लॅटफॉर्म' हा शब्द तसाच पसरट झाला आहे. कोणी त्याने प्रोग्राम सांगतो, कोणी यंत्रे, तर कोणी सगळा कारभार. हा घोळ लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

साठच्या दशकात मोठ्या कारखान्यांत कॉम्प्युटर होते, पण त्यांचे काम रात्रीचे असे. दिवसभराच्या नोंदी कार्डांना भोके पाडून साठवायच्या, रात्री गठ्ठा यंत्राला खाऊ घालायचा आणि सकाळी कागदाच्या भेंडोळ्यावर उत्तर घ्यायचे. गोदामात आत्ता किती माल आहे हे कोणालाच माहीत नसे. काल किती होता एवढे कळे. १९७२ साली जर्मनीत आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी हा खाक्या बदलायचे ठरवले. डीटमार हॉप, हासो प्लाटनर, क्लाउस चिरा, क्लाउस वेलेनरॉयटर आणि हान्स-वेर्नर हेक्टर ही त्यांची नावे. त्यांच्या कंपनीचे नाव एसएपी. पहिले गिऱ्हाईक होते ऑस्ट्रिंगेन गावातला नायलॉनचा धागा काढणारा कारखाना, आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीचा. या पाचांकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. त्या काळी त्याची किंमत डोळे पांढरे करणारी असे. म्हणून ते गिऱ्हाइकाच्याच कॉम्प्युटरवर, बरेचदा रात्री आणि सुट्टीच्या दिवशी, काम करत.

त्यांचे म्हणणे सोपे होते. माल आला त्याच क्षणी पडद्यावर नोंद करा, आणि ती नोंद एकदाच करा. गोदामाच्या कारकुनाने भरलेला आकडा खरेदीवाल्याला आणि हिशेबनिसालाही तिथल्या तिथे दिसला पाहिजे. तीन खात्यांच्या तीन वह्या आणि महिनाअखेरीला त्यांचा मेळ घालताना होणारी भांडणे नकोत. नायलॉनच्या एका कारखान्यासाठी लिहिलेले हे काम इतरांनाही विकता येईल हे त्यांना लवकरच उमगले. १९९२ साली त्यांचे आर-थ्री बाजारात आले तेव्हा जगभर पसरलेल्या कंपन्यांना हवे तेच मिळाले. तोपर्यंत अशा कंपनीच्या प्रत्येक देशातल्या कारखान्याची वही वेगळी, भाषा वेगळी, मालाला दिलेले क्रमांक वेगळे. मुख्य कचेरीतल्या साहेबाला साधा प्रश्न पडला, सगळे मिळून आपल्याकडे माल किती, तरी उत्तराला आठवडे लागत. शिवाय वर्ष २००० जवळ येत होते. जुन्या प्रोग्रामांत सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले, '००' आले की काय होईल याची धास्ती. दुरुस्त करण्यापेक्षा बदलूनच टाकू, असे म्हणून पुष्कळांनी याच सुमारास नवी व्यवस्था घेतली.

एक वही करणे किती अवघड असते याचा धडा अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने दिला. सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून तिने तीन कंपन्यांचे प्रोग्राम एकत्र बसवले. ते सुरू झाले जुलै १९९९मध्ये. हॅलोवीनच्या ऑर्डरी येऊन पडण्याचा हा मोसम. गोदामात चॉकलेट होते, दुकानांची मागणी होती, पण एकाची गाठ दुसऱ्याशी पडेना. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पोचल्या नाहीत. माल नसल्यामुळे धंदा बुडतो हे कोणालाही समजते. माल समोर असून तो कुठे आहे हे वहीला माहीत नाही म्हणून धंदा बुडणे, ही नव्या जमान्याची देणगी.

२००६ साली ॲमेझॉनने आपल्याकडची साठवण आणि यंत्रशक्ती बाहेरच्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. क्लाउड हे नाव काव्यमय आहे, उर्दू शायराला आवडावे असे, पण त्यात ढग वगैरे काही नाही. दुसऱ्याच्या इमारतीतली दुसऱ्याची यंत्रे, वापराल तेवढे भाडे. आपल्या प्रत्येक कारखान्यात थंडगार खोली बांधून सर्व्हर पाळण्याची गरज उरली नाही. कारखानदार सावध जमात. आधी ईमेल नेले, मग हिशेब, सगळ्यात शेवटी यंत्रांच्या नोंदी. फोक्सवॅगनने ॲमेझॉनबरोबर आपल्या १२२ कारखान्यांची माहिती एका औद्योगिक क्लाउडमध्ये आणण्याची घोषणा केली ती २७ मार्च २०१९ रोजी. ऑस्लोच्या दारावर तो कागद लागून तेव्हा आठ दिवस झाले होते.

आता हायड्रोकडे वळू. १९०५ साली स्थापन झालेली ही कंपनी सुरुवातीला धबधब्यांच्या विजेवर हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवायची. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या हाती जाऊ नये म्हणून नॉर्वेच्या कमांडोंनी ज्या कारखान्यातले जड पाणी उधळून लावले, तो व्हेमोर्कचा कारखाना हिचाच. खताचा धंदा पुढे वेगळा झाला, ॲल्युमिनियम राहिले. २०१७मध्ये तिने सापा ही कंपनी पूर्णपणे ताब्यात घेतली आणि जगभर विखुरलेले कारखाने एकदम तिच्या छताखाली आले. या कारखान्यांत ॲल्युमिनियमचा तापवलेला ठोकळा प्रचंड दाबाने साच्यातून ढकलतात आणि खिडकीच्या चौकटीपासून गाड्यांच्या भागांपर्यंत नाना आकाराच्या पट्ट्या काढतात. गिऱ्हाईक बदलले की साचा बदलतो, मिश्रधातू बदलतो, लांबी बदलते. प्रेस तीच. तिने आज काय काढायचे हे ऑर्डर सांगते, आणि ऑर्डर कॉम्प्युटरमध्ये असते.

हल्ल्याची सुरुवात सुमारे तीन महिने आधीच झाली होती. ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून आलेल्या ईमेलला जोडलेली फाइल एका कर्मचाऱ्याने उघडली. चोर आत आले आणि लगेच काही न करता फिरत राहिले. मोठ्या कंपनीत कोण कर्मचारी, कोणाला कुठले दार उघडायची मुभा, याची एक मध्यवर्ती नोंद असते. तिला ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणतात. किल्ल्यांचा जुडगाच तो. जुडगा हाती आल्यावर एका रात्रीत लॉकरगोगा नावाचा खंडणीचा प्रोग्राम सगळीकडे सोडला गेला. १७० ठिकाणची २२ हजार यंत्रे त्याने कुलूपबंद केली.

कंपनीने खंडणी दिली नाही. प्रतींवरून सगळे पुन्हा उभारायचे ठरवले, आणि काय झाले ते लपवायचे नाही असेही ठरवले. तिचे अर्थप्रमुख आयविंड कालेविक पत्रकारांसमोर बसून काय चालू आहे, काय बंद आहे ते सांगत राहिले. अशी गोष्ट झाकून ठेवण्याची मोठ्या कंपन्यांची सवय पाहता मला याचे जास्त अप्रूप वाटते. धातू गाळण्याच्या भट्ट्या थांबवता येत नाहीत. तिथला रस साडेनऊशे अंशांच्या वर तापलेला असतो, काही तास वीज गेली तर तो गोठतो आणि भट्टीच वाया जाते. त्या माणसांनी हातांनी चालवल्या. पट्ट्या काढणाऱ्या कारखान्यांचे हाल सर्वांत जास्त झाले. प्रेस धडधाकट, कामगार हजर, ठोकळे रचलेले, पण काढायचे काय? कागद शोधले गेले, वह्या घातल्या गेल्या, आणि कॉम्प्युटरच्या आधी हे काम केलेली काही निवृत्त माणसे घरून परत आली. बीबीसीच्या बातमीप्रमाणे कंपनीला या प्रकरणाचा फटका बसला तो सुमारे साडेचार कोटी पाउंडांचा.

त्या निवृत्त माणसांची गोष्ट सगळ्यांना आवडते, मलाही आवडली. पण तिच्या शेजारची दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. हायड्रोने आपले ईमेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर आधीच नेले होते. ते कंपनीच्या नेटवर्कबाहेर होते म्हणून वाचले. लोक मोबाइलवरून आणि टॅबलेटवरून एकमेकांशी बोलू शकले आणि चाळीस देशांतल्या माणसांचा धागा तुटला नाही. म्हणजे क्लाउडने घात केला असे म्हणायची सोय इथे नाही. क्लाउडवर होते ते टिकले. आडवे पडले ते जुन्या पद्धतीने कंपनीच्याच भिंतीत असलेले, पण एका जुडग्याने जोडलेले जाळे. 'एक क्लाउड प्लॅटफॉर्म' हे शब्द जाहिरातीत एका दमात येतात, पण त्यात दोन गोष्टी आहेत. वही कुठे ठेवायची हा एक निर्णय. सगळ्यांची वही एकच करायची हा दुसरा. पहिल्याने हायड्रोला तारले, दुसऱ्याने बुडवले. आमच्या माजी विद्यार्थ्यांना मी हेच विचारतो की बाबा, तुम्ही वही हलवता आहात की एकच करता आहात? बहुतेक जण हसतात आणि म्हणतात, दोन्ही.

चोराचीच गरज असते असेही नाही. ऑगस्ट २०२३मध्ये टोयोटाचे जपानमधले १४ कारखाने थांबले. सुटे भाग मागवणाऱ्या सर्व्हरांवर देखभाल चालू असताना डिस्कवरची जागा अपुरी पडली, एवढेच कारण. अडचणीसाठी राखून ठेवलेले सर्व्हर त्याच व्यवस्थेचा भाग होते, त्यामुळे तेही त्याच कारणाने निकामी झाले. आमच्या शाळेत हजेरी मोबाइलवर भरतात आणि कागदी मस्टरही चालू आहे. नवे शिक्षक या दुहेरी कामावर कुरकुरतात. मी त्यांना टोयोटा सांगतो. ते तरी मान हलवतात, पटते की नाही देव जाणे.

यातला शेवटचा प्रसंग आपल्याजवळचा आहे. जॅग्वार लँड रोव्हर ही ब्रिटिश मोटार कंपनी २००८ साली टाटा मोटर्सने विकत घेतली. सप्टेंबर २०२३मध्ये तिने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसशी पाच वर्षांचा, ८० कोटी पाउंडांचा करार जाहीर केला. आपला डिजिटल पसारा सोपा आणि आधुनिक करून घेण्यासाठीच तो होता. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस कंपनीवर सायबर हल्ला झाला. या हल्ल्याचे खापर मी त्या करारावर फोडत नाही, तसा आधार माझ्याजवळ नाही. पण पुढे जे झाले ते पाहण्यासारखे आहे. कंपनीने बचावासाठी आपल्या यंत्रणा स्वतःहून बंद केल्या आणि सुमारे पाच आठवडे गाड्या बनल्या नाहीत. सॉलिहल आणि हेलवूडच्या कारखान्यांतल्या कामगारांना घरी बसावे लागले. ब्रिटिश सरकार १५० कोटी पाउंडांच्या कर्जाला जामीन राहिले. सायबर मॉनिटरिंग सेंटर या संस्थेने ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेचे नुकसान १९० कोटी पाउंड धरले आणि झळ पोचलेल्या संस्थांचा आकडा दिला पाच हजारांहून अधिक.

या पाच हजारांत सुटे भाग बनवणारी छोटी वर्कशॉप आहेत, गाड्या विकणारे आहेत, गाड्या दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्यातल्या पुष्कळांचे स्वतःचे कॉम्प्युटर व्यवस्थित चालू होते, लेथ चालू होत्या, माणसे कामाला तयार होती. मोठ्या कंपनीची वही मिटली होती, म्हणून त्यांना ऑर्डर येत नव्हती आणि आधी पोचवलेल्या मालाच्या पैशांची वाट पाहावी लागत होती. हायड्रोचे निवृत्त कामगार परत येऊन आपल्या प्रेसवर उभे राहू शकले. या वर्कशॉपवाल्यांनी कागद-पेन्सिल घेऊन कुठे उभे राहायचे होते? ८ ऑक्टोबरपासून कारखाने टप्प्याटप्प्याने सुरू होऊ लागले, तोवर त्यांच्यापैकी काहींनी माणसे कमी केली होती.