औषधाचा दोष आणि रुग्णाची दाद

कापड घेतांना आपण त्याचें पोत पाहतों. धान्य घेतांना चिमूटभर तळहातावर घेऊन निरखतों. औषध मात्र डोळे मिटून घेतों. तें वैद्यानें लिहून दिलेलें, दुकानदारानें काढून दिलेलें आणि कोठल्या तरी दूरच्या कारखान्यांत तयार झालेलें असतें. घेणाऱ्यापाशीं त्याची परीक्षा करण्याचें साधन नसतें, आणि दुखणाईतास तेवढें त्राणहि नसतें. ज्या वस्तूवर असा निखालस विश्वास टाकावा लागतो तीच सदोष निघून देहास अपाय झाला, तर दाद कोणाकडे मागावी? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचें उत्तर कायद्यांत उतरावयास ऐंशीहून अधिक वर्षें लागलीं. तो इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम १९३७ सालची अमेरिकेंतील गोष्ट सांगूं. सल्फानिलामाइड हें त्या काळीं नवें व गुणकारी औषध होतें. तें पिण्यास सोपें जावें म्हणून टेनेसी राज्यांतील एका कारखान्यानें डायएथिलिन ग्लायकॉल नांवाच्या गोडसर द्रवांत विरघळवून आणि त्यास रास्पबेरीचा स्वाद देऊन बाजारांत आणलें. हा द्रव मूत्रपिंडांस घातक आहे. पण विक्रीपूर्वीं तो तपासून पाहण्याची तसदी कारखान्यानें घेतली नाहीं, आणि १९०६ चा कायदाहि तशी सक्ति करीत नव्हता. कांहीं आठवड्यांतच शंभरावर माणसें दगावलीं. त्यांत चौतीस मुलें होतीं. पुढें कारखानदारास दंड झाला, पण तो माणसें मेलीं म्हणून नव्हे! औषधास 'एलिक्झिर' म्हटलें होतें. एलिक्झिर म्हणजे मद्यार्कयुक्त औषध. यांत मद्यार्क नाहीं, सबब नांव खोटें, एवढाच काय तो गुन्हा. लोकक्षोभामुळें १९३८ सालीं नवा कायदा झाला आणि नवें औषध निर्धोक असल्याचा पुरावा विक्रीपूर्वीं देणें भाग पडलें. त्यानें पुढच्या रुग्णांचें रक्षण झालें. परंतु गेलेल्यांच्या कुटुंबांस त्या कायद्यानें काय दिलें?

येथेंच दंड आणि भरपाई यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. दंडानें सरकारचें समाधान होतें, भरपाईनें पीडिताचें. भरपाई मागणाऱ्यास मात्र कारखानदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे, आणि त्याचा पुरावा तर कारखान्याच्याच दप्तरांत! थॅलिडोमाइडच्या प्रकरणानें ही अडचण जगापुढें आली. १९५७ सालीं पश्चिम जर्मनींत विक्रीस आलेलें हें झोपेचें औषध गरोदर स्त्रियांनींहि घेतलें, आणि हजारों मुलें हातापायांच्या व्यंगांसह जन्मास आलीं. १९६१ च्या नोव्हेंबरांत तें तेथील बाजारांतून काढून घेण्यांत आलें. १९६८ सालीं सुरू झालेला फौजदारी खटला १९७० च्या अखेरीस कोणासहि शिक्षा न होतां बंद झाला. कारखानदारानें मुलांसाठीं दहा कोटि मार्क देण्याचें मान्य केलें. तेव्हां १९७६ सालीं त्या देशानें औषधांपुरता असा नियम केला कीं, औषधानें गंभीर अपाय झाल्यास निष्काळजीपणा सिद्ध न करतांहि कारखानदारास जबाबदार धरतां यावें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९३० सालीं नेमलेल्या चोप्रा समितीनें येथील औषधांच्या व्यापाराची पाहणी केली. कायदा मात्र १९४० सालीं झाला. त्याच्या २६ व्या कलमानें विकत घेतलेलें औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क दिला. मूळ कायद्यांत खटला भरण्याचा अधिकार मात्र केवळ औषध निरीक्षकाचा होता. ज्याचें माणूस गेलें त्याच्यापुढें कचेरीचें दार बंदच! पुढील दुरुस्त्यांनीं तें उघडलें, आणि बाधित व्यक्तीस व मान्यताप्राप्त ग्राहकसंस्थेस तो अधिकार मिळाला.

हें सारें कागदावर असतां १९८६ च्या आरंभीं मुंबईंतील जे. जे. रुग्णालयांत चौदा रुग्ण मरण पावले. त्यांस औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरिनमध्यें तेंच डायएथिलिन ग्लायकॉल होतें. एकोणपन्नास वर्षांपूर्वींचा धडा विसरला गेला होता! न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें पुरवठादार, रुग्णालय आणि औषध प्रशासन या सर्वांचे व्यवहार उघड्यावर आणले. आरोग्यमंत्र्यांस पद सोडावें लागलें. तथापि चौकशी आयोगाचा अहवाल म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. त्यानें सत्य कळतें. शिक्षा वा भरपाई होत नाहीं.

त्याच १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला. २००८ च्या दुरुस्तीनें भेसळीच्या वा बनावट औषधानें मृत्यु किंवा जबर दुखापत झाल्यास किमान दहा वर्षें कैद, ती जन्मठेपेपर्यंत, आणि किमान दहा लाख रुपये दंड ठरला. वसूल झालेला हा दंड भरपाई म्हणून पीडितास, आणि तो हयात नसेल तर त्याच्या नातलगांस द्यावा, असेंहि त्यांत सांगितलें आहे. दंड आणि भरपाई यांची गांठ येथें पडली. नंतर २०१९ च्या ग्राहक कायद्यांत 'उत्पादन दायित्वा'चें स्वतंत्र प्रकरण आलें, आणि तें २०२० च्या जुलैपासून अमलांत आहे. वस्तूंत उत्पादनाचा वा रचनेचा दोष आहे किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिलेली नाहीं, आणि त्यामुळें अपाय झाला, एवढें दाखविलें कीं कारखानदार बांधला जातो. तक्रार दोन वर्षांच्या आंत, आपण राहतों तेथील जिल्हा आयोगापुढें, वकिलावांचूनहि करतां येते. मृताच्या वारसांसहि ती करतां येते.

या तटबंदीस भगदाडें नाहींत असें नव्हे. जें औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखालींच घ्यावयाचें, त्याच्या धोक्याची सूचना कारखानदारानें त्या तज्ज्ञास योग्य रीतीनें दिली असेल, तर सूचनेच्या अभावाबद्दल त्यास जबाबदार धरतां येत नाहीं. म्हणजे चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाच्या बाबतींत, वैद्यास काय कळविलें होतें आणि वैद्यानें रुग्णास काय सांगितलें, यावरच वाद येऊन ठेपतो. शिवाय जेथें सर्वांसच मोफत उपचार होतात, त्या रुग्णालयाची सेवा ग्राहक कायद्याखालीं येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं ठरविलें. ज्यांस दुसरा आसरा नाहीं, त्यांच्यासाठींच हें दार अरुंद राहिलें!

आणि अनुभव काय सांगतो? २०२५ सालीं मध्यप्रदेशांत छिंदवाड्याच्या परिसरांत खोकल्याचें औषध पाजलेलीं वीसहून अधिक मुलें दगावलीं. त्या औषधांतहि तेंच द्रव्य सांपडलें. कायदे वाढले, पण त्यांचें फळ पदरांत पडावयाचें तर पुरावा लागतो, आणि तो दुःखाच्या गोंधळांत सर्वांत आधीं नाहींसा होतो. घरांतील माणूस गेलें कीं त्याची उशापाशींची बाटली पहिल्यानें फेंकून दिली जाते. तीच खरी साक्षीदार! तिच्यावरील तुकडीचा क्रमांक, उरलेलें औषध, वैद्याची चिठ्ठी आणि दुकानदाराची पावती इतकें जपून ठेवलें, तर कायद्यास हात घालावयास कांहीं तरी सांपडतें. कारखानदाराचा ठावठिकाणा न लागल्यास विक्रेत्यासहि जबाबदार धरण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यांत आहे. पण विक्रेता कोण हें त्या पावतीवांचून सांगणार कोण?

गेलेलें माणूस भरपाईनें परत येत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु पुढच्या घरावरची आपत्ति टाळावयाची, तर मागच्या घरानें न्याय मागितला पाहिजे. आणि न्याय मागावयाचा, तर ती बाटली जपली पाहिजे.